नऊ णमोकारांचं एक मिनिट

“वैनी, मोटार आंधळी झालीय,” आप्पाण्णा म्हणाले. “आंधळ्याला रस्त्यावर सोडायचं नसतंय. मला देऊन टाका आन् मोकळ्या व्हा.”

बोलता बोलता त्यांनी ड्रायव्हरपुढच्या फळीतल्या एका मीटरात बोट घातलं, वाळवीची माती उकरली आणि आत्तीच्या पायांपुढं झटकली. शालनला वाटलं, आत एखादा विंचू असायला हवा होता. जैनाच्या पोरीनं असं मनात आणणंसुद्धा पाप, पण आणलं तिनं. विंचू काही निघाला नाही.

आप्पाण्णा म्हणजे तारामती आत्तीचे दीर, निपाणीतल्या तंबाखूच्या एका वखारीचे मालक. आत्तीचे यजमान, शालन ज्यांना मामा म्हणायची ते, निपाणी ते संकेश्वर प्रवाशांची सर्व्हिस मोटार चालवायचे. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तशी मोटार शेडात गेली, आणि पाठोपाठ मामाही गेले. आता लढाई संपली होती. पेट्रोल मिळू लागलं होतं. जुना ड्रायव्हर मष्णू परत आला होता आणि त्यानं हँडल मारून मारून इंजिन जागंही केलं होतं. आडवे आले होते ते मीटर. वेगाचा, ऑइलच्या दाबाचा, विजेचा आणि पाण्याच्या गरमीचा, चारही ठार. तपासणीचे साहेब बेळगावहून यायचे होते. त्यांनी मोटार पास केली नाही तर परवाना जाणार. परवाना गेला की आत्तीनं दिराच्या घरी दोन वेळच्या जेवणावर राहायचं आणि शालननं शाळा सोडून आपल्या गावी, बोरगावला जायचं. बोरगावात हायस्कूल नव्हतं. एक स्थळ मात्र होतं. मुलाला म्हशींची फार आवड होती म्हणे.

“भावजी,” आत्ती पदर सावरत म्हणाली, “ते बोट आधी पुसा. मोटार आंधळी हाय, मेली न्हाय.”

“मुंबईला मीटर न्हाईत. लढाईनं सगळा माल खाल्ला. मी विचारून बसलोय.”

“मग आमी करतो,” शालन म्हणाली.

आप्पाण्णांनी इकडं तिकडं बघितलं, जणू आवाज शेडाच्या पत्र्यातून आला. “कोण? तू?”

“मी, आत्ती आन् मष्णूदादा.”

“करा की! दोन बायका आन् एक मष्णू!” ते खो खो हसत गेले. त्यांचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. शालननं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण तिला ते लक्षात ठेवायचं होतं.

शालनला यंदाच एक शोध लागला होता. वर्गात हात वर केला की सरांना विचारावंच लागतं. वर्गात मुली तीन. चौथीपासून ती मान खाली घालून बसत आली होती आणि मनातल्या मनात सगळी उत्तरं बरोबर देत आली होती. जूनमध्ये एकदा चुकून हात वर गेला, उत्तर बरोबर निघालं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. तेव्हापासून तो हात खाली यायला तयार नव्हता.

त्यांनी फळीच सोडवून घरात आणली आणि माजघरात जुन्या लुगड्यावर पसरली. विजेचा मीटर सगळ्यात सोपा निघाला. वाळवीनं काट्याभोवती घर बांधलं होतं, एवढंच. आत्तीनं कोंबडीच्या नव्हे, मोराच्या पिसानं ते अलगद झाडलं. वाळवीच्या दोनचार किड्यांना कागदावर घेऊन परसात सोडून आली, तेव्हा मष्णू म्हणाला, “वैनी, ही परत येणार बगा. घर हितंच हाय त्यांचं.”

ऑइलच्या मीटराची नळी आतून फाटली होती. त्याला मष्णूनं संकेश्वरच्या भंगारातून एका जुन्या वाफेच्या इंजिनाचा मीटर शोधून आणला आणि बाजारातल्या तांबटाकडून तांब्याची नळी जोडून घेतली. तो मीटर बिचारा बॉयलरचा दाब मोजायला जन्मलेला. मोटारीच्या ऑइलला तो काय भीक घालणार? काटा जेमतेम करंगळीएवढा हलायचा. “पण हलतोय न्हवं?” मष्णू म्हणाला. शालननं तेवढ्याच करंगळीभर जागेत बारीक खुणा करून नवी तबकडी काढली.

पाण्याचा मीटर मात्र गेला तो गेलाच. त्याची केसासारखी नळी तुटली होती आणि आतलं औषध उडून गेलं होतं. शालननं त्या जागी पांढरी तबकडी बसवली आणि वर झोकदार अक्षरात लिहिलं: ‘बॉनेटला हात लावून पाहावा.’

राहिला वेगाचा. त्याची तार तुटली होती; तिथं सायकलच्या ब्रेकची तार बसली. पण काट्याला मागं ओढणारी स्प्रिंग गंजून हातातच मोडली. तसली बारीक स्प्रिंग निपाणीत एकाच ठिकाणी होती. ती आत्तीच्या कोनाड्यात, मामांच्या गजराच्या घड्याळात, टिकटिक करत होती.

आत्ती त्या घड्याळाकडं बराच वेळ बघत उभी राहिली. रोज पहाटे तेच तिला सामायिकाला, जपाला बसायला, उठवायचं. मामा होते तेव्हापासून.

“काढ,” ती म्हणाली.

“आत्ती, मग वेळ कशी कळणार?”

“मला घड्याळ उठीवतंय व्हय? मीच त्याला चावी देऊन उठीवते.”

शालननं घड्याळ उघडलं. पण उघडण्याआधी तिच्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि ती आली म्हणून ती स्वतःवरच खूष झाली. नवी स्प्रिंग म्हणजे काट्याची ओढ नवी. जुन्या आकड्यांचा आता उपयोग नाही. शिवाय जुन्या आकड्यांवर वाळवीनं जेवण केलं होतं. नवे आकडे कुठं लिहायचे हे ठरवायला मैल हवा आणि वेळ हवी. मैलाचे दगड सरकारनं लावून ठेवले होते. वेळ कुठून आणायची? आत्ती णमोकार मंत्राचा जप करायची तेव्हा तिची लय कधी बदलत नसे. बाहेर भांडण होवो, मांजर दुधात तोंड घालो. शालननं मरायला टेकलेल्या घड्याळापुढं तिला बसवून जप करायला लावला आणि काटा बघितला. नऊ णमोकार, एक मिनिट. परत नऊ, परत मिनिट. एका श्वासाचाही फरक नाही.

“आत्ती, तूच घड्याळ!”

“चावी द्यायची भाजी-भाकरीनं,” आत्ती म्हणाली, “आन् ती बी दिवस मावळायच्या आत.”

मग दुसऱ्या दिवशी ते निघाले. पुणे-बंगळूर रस्ता, तवंदी घाटाच्या अलीकडचा सपाट मैल. मष्णू चाकावर. त्याच्या शेजारची जागा रिकामी, कारण ती पाटील, फौजदार असल्या माणसांची; बायकांनी मागं बसायचं, अशीच रीत होती. आत्ती मागच्या बाकावर डोळे मिटून माळ धरून बसली. शालन पुढच्या आणि मागच्या बाकाच्या मधे गुडघे टेकून उभी. नजर काट्यावर, हातात पेन्सिल.

“मष्णूदादा, पाय हलवायचा न्हाय. आहे ती चाल धरून ठेवा.”

“पाय बांधून ठेव म्हंजे झालं.”

मैलाचा दगड आला. “आत्ती, सुरू!” शालन ओरडली. पुढचा दगड आला. “थांब! किती?”

“सत्तावीस.”

सत्तावीस म्हणजे तीन मिनिटं. तीन मिनिटांत मैल म्हणजे ताशी वीस. जिथं काटा होता तिथं शालननं पेन्सिलची रेघ मारली. मग अशाच दोनचार फेऱ्या हळू, दोनचार जोरात. अठरा णमोकारांत मैल संपला तेव्हा तिथं ‘३०’ झाले. घाटाच्या अलीकडं स्तवनिधीच्या जैन देवळाकडं जाणारा फाटा लागायचा, तिथं मष्णूनं दर खेपेला एक हात सुटा करून कपाळाला लावला. शालनचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं काट्यावरून डोळा काढला असता तर रेघ चुकली असती. मागं आत्ती काय करत होती तेही तिनं पाहिलं नाही.

संध्याकाळी तिनं काळ्या शाईनं आकडे भरले. ठसठशीत, मराठी. विजेच्या मीटरवर गंमत म्हणून कानडी. आत्तीनं फळी हातात घेऊन न्याहाळली आणि नुसतं “हं” म्हणाली. आत्तीचं “हं” म्हणजे दुसऱ्या कुणी पेढे वाटल्यासारखं.

तपासणी सरकारी बंगल्याच्या आवारात होती. पांढरी टोपी, चकचकीत बूट, मनगटावर घड्याळ, असे साहेब. आप्पाण्णा आधीच येऊन चिंचेखाली बसले होते. एकटे नाही, वखारीतली चार माणसं घेऊन. तमाशा बघायला जसे लोक चटई घेऊन येतात तसे.

साहेबांनी मोटारीत डोकं घातलं. “हे काय? आकडे देशी?”

“व्हय साहेब,” मष्णू म्हणाला. “मला इंग्लिश येत न्हाय.”

“चालणार नाही.”

शालनचा हात वर गेला. इथं वर्ग नव्हता, सर नव्हते, पण हाताला कुठं ते कळतं? “साहेब, आकडे कुठल्या लिपीत असावेत असं कायद्यात लिहिलंय का?”

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. वर केलेल्या हाताकडंही बघितलं. “ही कोण?”

“मीटर हिनंच केलेत,” आत्ती म्हणाली.

“पोरगी हाय साहेब, सोडून द्या,” आप्पाण्णा चिंचेखालून ओरडले.

“तुम्हाला मी विचारलं नाही,” शालन त्यांच्याकडं न बघता म्हणाली, “मी साहेबांना विचारलंय.”

साहेबांच्या मिशीची एक बाजू हलली. “लिपीचं लिहिलेलं नाही,” त्यांनी कबूल केलं. मग पाण्याच्या मीटरवरचं वाचलं, बॉनेटला खरंच हात लावला, आणि तो पटकन मागं घेतला. “ठीक. वेग बघू.”

ते पुढच्या बाकावर बसले आणि मोटार घाटाकडं गेली. आत्ती आणि शालन बंगल्याच्या पायरीवर थांबल्या. आत्ती शांत बसली होती. शालन मात्र पायरीवर एवढ्या वेळा चढली-उतरली की बंगल्याच्या शिपायानं विचारलं, “काय हरवलंय का पोरी?”

मोटार परत आली ती मष्णूच्या पडलेल्या तोंडासकट.

“काटा वीस दाखवतो,” साहेब उतरून म्हणाले, “तेव्हा मैलाला माझ्या घड्याळात तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. तीस दाखवतो तेव्हा दोन मिनिटं वीस. मीटर खोटा आहे. पास नाही.”

चिंचेखाली कुणीतरी टाळी वाजवली. आप्पाण्णा उठून आले. “सांगत हुतो वैनी. जपावर मीटर लावल्याचं गावभर झालंय; जपावर कुटं मोटार चालतीय? मूठ झाकलेली हुती तवाच मोटार दिली असती तर...”

शालनला रडू आलं होतं. पण ते बाहेर पडलं नाही, कारण त्याच्या आधी एक हिशेब वर आला आणि त्यानं वाट अडवली.

“साहेब, दोन्ही वेळेला वीसच सेकंद जास्त?”

“हो. दोनदा बघितलं.”

“हळू गेल्यावर पण वीस, जोरात गेल्यावर पण वीस?”

“सांगितलं ना.”

“मग चूक मीटरची नाही!” शालन एवढ्यानं ओरडली की चिंचेवरचे कावळे उडाले. “स्प्रिंग चुकली असती तर हळू जाताना एक चूक आली असती आणि जोरात जाताना दुसरी. ही दर खेपेला तेवढीच आहे. कुणीतरी दर मैलाला वीस सेकंद खाल्ले आहेत.” ती गर्रकन वळली. “आत्ती, त्या मैलात तू काय केलंस?”

“काय म्हंजे? जप.”

“मधे थांबलीस?”

“थांबंन कशाला? तूच म्हणालीस लय मोडायची न्हाय.”

“नुसता जप? दुसरं काहीच नाही?”

आत्ती विचारात पडली. मग अगदी साधेपणानं म्हणाली, “फाट्याला तेवढं स्तवनिधीच्या देवाला तीन णमोकार म्हटलं. हात जोडून.”

“ते मोजलेस?”

“ते कसं मोजायचं गं? ते देवाचं. आपल्या मोजणीत देवाचं धरायचं व्हय?”

मग मष्णूनं कपाळावर हात मारला आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. “दर खेपंला! वैनी, दर खेपंला तीन!”

तीन णमोकार म्हणजे वीस सेकंद. बरोब्बर वीस. शालननं आत्तीला मिठी मारली. आत्तीला मात्र हसू येईना. तिचा चेहरा उतरला होता. “म्हंजे माज्यानंच झालं,” ती हळूच म्हणाली.

“चुकलं कुणाचंही असेल, मीटर खोटा तो खोटा,” साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते. ते फक्त साहेब होते. “मी पाच वाजता निघणार. तोवर खरा करून आणा, नाहीतर परवाना संपला. आणि माझं घड्याळ मिळणार नाही.”

“कोण मागतंय?” आत्ती म्हणाली आणि पायरीवरून उठली. तिची मान आता ताठ झाली होती. “मष्णू, हँडल मार.”

“वैनी, हट्ट सोडा,” आप्पाण्णा आडवे झाले. “आणि तुमी देवापुढनं हात न जोडता जानार? आपल्या घरात असं कदी झालंय?”

हे मात्र लागलं. शालनला दिसलं, आत्तीची बोटं माळेवर घट्ट झाली. लग्न होऊन निपाणीला आल्यापासून त्या फाट्यावरून ती हात न जोडता कधीच गेली नव्हती. मामांना शेवटचं दवाखान्यात नेताना, त्यांचं डोकं मांडीवर असतानाही तिनं एक हात सोडवून कपाळाला लावला होता. दुसरा सपाट मैल शोधायचा तर इतक्या जवळ होता कुठं? जुन्याच रेघांचे आकडे बदलायचे म्हणजे देवाचे तीन मोजणीत धरल्यासारखंच, ते आत्तीला चालणार नव्हतं. आणि पाच वाजायला दोनच तास उरले होते.

आत्ती मोटारीकडं गेली. मागचं दार उघडायला शालननं हात पुढं केला, तर आत्ती तिला ओलांडून पुढं गेली, पुढचं दार तिनं स्वतःच उघडलं आणि मष्णूच्या शेजारी, पाटलांच्या आणि फौजदारांच्या जागेवर, मांडी सावरून बसली.

“भावजी,” ती काचेतून म्हणाली, “देव माजा हाय. त्याचं आन् माजं मी बगून घीन. तुमी बाजूला व्हा, मोटार आंधळी हाय, अंगावर येईल.”

आप्पाण्णा एवढ्या चपळाईनं बाजूला झाले की त्यांचा एक जोडा तिथंच राहिला.

दगड आला. “सुरू!” शालन म्हणाली. आत्तीनं डोळे मिटले नाहीत. ती सरळ समोर बघत होती, ओठ हलत होते, एकेक मणी पुढं सरकत होता. फाटा जवळ आला. मष्णूचा हात सवयीनं चाकावरून उचलला गेला, पण आत्तीकडं बघून तोही परत खाली आला. फाटा आला. स्तवनिधीची टेकडी डाव्या अंगाला दिसली. आत्तीचे ओठ त्याच लयीत हलत राहिले, मात्र गालावरून एक थेंब ओघळून हनुवटीशी थांबला. हात जागचे हलले नाहीत. फाटा मागं गेला.

“थांब! किती?”

“सत्तावीस,” आत्ती म्हणाली, आणि आवाज जराही हलला नाही.

शालननं रेघ मारली. मग जोरात फेरी. मग परत एकदा, खात्रीला. बंगल्याच्या पायरीवर तिनं नवी तबकडी काढली तेव्हा इतकी घाई होती की ‘३०’ मधला ‘०’ थोडा वाकडा झाला. तो आजही तसाच आहे.

साहेब परत बसले, परत गेले. या खेपेला परत आले ते घड्याळाकडं बघत बघत. मग त्यांनी मनगट कानाशी नेलं आणि घड्याळ नीट चालतंय का ते ऐकलं. शालनला ती गोष्ट पुढं कितीतरी दिवस आठवून आठवून हसू येत होतं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “दोन्ही वेळेला बरोबर.” त्यांनी सही केली. मोटारीतून पाय बाहेर काढताना थांबून म्हणाले, “तो शून्य वाकडा आहे.”

“वाकडा असला तरी खरा आहे,” शालन म्हणाली.

आप्पाण्णा चिंचेखाली नव्हते. चार माणसं होती, पण ती आता मोटारीभोवती उभी राहून ‘बॉनेटला हात लावून पाहावा’ एकमेकांना वाचून दाखवत होती. एकानं लावलाही, आणि बोट तोंडात घातलं.

“आता घरी,” मष्णू म्हणाला. “दिवस मावळाय आलाय. वैनींनी सकाळधरनं खाल्लं न्हाय, आन् मावळल्यावर त्या खात न्हाईत.”

“घरी न्हाय,” आत्ती म्हणाली. “स्तवनिधी.”

“मग जेवाण?”

“आज उपास घडला म्हणायचं.”

फाट्याशी मोटार वळली तेव्हा ऊन टेकडीच्या माथ्यावर उरलं होतं. आत्ती उतरली, पायऱ्या चढून गेली आणि देवापुढं हात जोडून उभी राहिली. शालन मागं उभी होती. तिला वाटलं होतं, आत्ती रडेल, क्षमा मागेल. पण आत्ती भांडल्यासारखीच बोलत होती, आपल्या माणसाशी बोलावं तशी.

“आजचे णमोकार तीन तीन करून राहिल्यात. सगळं घ्या. आणि हे बगा, उद्याधरनं मी रोज हितनं जाणार, पुढच्या बाकावर बसून. मष्णूची चाल मोजायची आसली तर हात जोडणार न्हाय. येताना जोडीन. तेवढं चालवून घ्या.”

मग ती वळली. “चल गं. उद्या शाळा हाय न्हवं तुजी?”

“हाय,” शालन म्हणाली. आणि उतरताना, कुणी काही विचारलेलं नसताना, तिनं उगाच एकदा हात वर केला.